तीन कप्पे आणि एक तेलकट वही

मी पेटी बोलतेय. सूर ऐकायला सरसावून बसू नका, मी ती गाण्यातली पेटी नव्हे. माझ्यात शब्द असतात, तेही इंग्रजी, आणि तेही पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर लिहिलेले.

आधीच सांगून टाकते, माझा स्वभाव जळका आहे. दुसऱ्याचं बरं झालेलं मला बघवत नाही. जन्मापासून हे असंच. मी मुळात एका जेवणघरातल्या कपाटाचा खण होते, चमचे, काटे आणि सुऱ्या ठेवायचा. वरच्या खणात भरतकामाचे टेबलक्लॉथ असत. पाहुणे आले की त्यांचं कौतुक व्हायचं, आणि माझ्यातल्या चमच्यानं जेवणाऱ्याला माझी आठवणही नसायची. पुढे कपाटाला वाळवी लागली, तेव्हा वरचा खण आधी गेला. मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही.

त्या कपाटाच्या मालकीणबाई शाळेत इंग्रजी शिकवायच्या. सगळे त्यांना बाई म्हणत, मीही म्हणते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा वर्ग काढला. मला घासूनपुसून झाकण बसवलं आणि माझ्या तीन कप्प्यांत तीन रंगांच्या पट्ट्या भरल्या.

पिवळ्या पट्ट्या क्रियाविशेषणांच्या. 'जस्ट', 'ओन्ली', 'रियली', 'स्लोली'. ही जात मोठी आगाऊ. वाक्यात कुठेही जाऊन बसतील. 'ओन्ली'ला तर एक जागा इकडेतिकडे सरकवलं की अर्थाचा पार विचका. हिरव्या पट्ट्या 'टू' लावलेल्या क्रियापदांच्या. 'टू टेल', 'टू लिफ्ट', 'टू वॉश'. शाळेच्या पहिल्या दिवशी पोर आईचं बोट सोडत नाही, तशी ती 'टू'ला धरून असतात. आणि निळ्या कप्प्यात नामांचा गोतावळा. 'द बिग ब्लॅक अम्ब्रेला' घ्या. पुढे 'द' दार उघडायला, मधे विशेषणं मिरवायला, आणि खरी छत्री बिचारी सगळ्यांच्या मागे.

'वॉन्ट', 'नीड', 'ट्राय' अशी क्रियापदं फळ्यावर असत. त्यांच्या आगेमागे पिवळी, हिरवी, निळी पट्टी मांडली की झालं वाक्य. 'आय जस्ट वॉन्ट टू वॉश द व्हाइट शर्ट.' इंग्रजीतली रोजची निम्मी कामं एवढ्यावर भागतात, असं बाई म्हणायच्या.

बाईंचा नियम होता, आधी हात, मग तोंड. पट्ट्या मांडून झाल्याशिवाय बोलायचं नाही. एक ड्रायव्हर, एक बेकरीवाला, दोन शिंपी असे शिकून गेले. सवय इतकी अंगात मुरली की बाहेरही बोलायच्या आधी त्यांची बोटं चालायची. बेकरीवाल्याची बायको एकदा तक्रार घेऊन आली होती.

"गिऱ्हाइकानं इंग्रजीत काही विचारलं की हे आधी काउंटरवर बोटं फिरवतात. गिऱ्हाइकाला वाटतं, पीठ पुसतायत."

बाई हसल्या. मला मात्र अभिमान वाटला.

मग ती आली. खालच्या लाँड्रीत आठ वर्षं इस्त्री करत होती. वाफेनं खोकला धरला होता, डॉक्टरनं दुसरं काम बघायला सांगितलं होतं. एका वृद्धाश्रमात तिला सहा महिन्यांसाठी मदतनीस म्हणून घेतलं होतं. तिथला कारभार बघणाऱ्या मेट्रनला आणि बहुतेक म्हाताऱ्या माणसांना इंग्रजीशिवाय दुसरं काही येत नव्हतं. सहा महिन्यांनी मेट्रन तोंडी परीक्षा घेणार होती. पास झाली तर नोकरी कायम, नाहीतर परत इस्त्री आणि वाफ.

तिच्यासारखा हात मला कुणी लावला नव्हता. पट्टी काढताना कोपरा दुमडू द्यायची नाही. वर्ग संपला की एकेक पट्टी रंग बघून जागच्या जागी ठेवायची. "पेटी आवरावी तर हिनंच," असं बाई म्हणायच्या. मला वाटलं, ही माझी.

चौथ्या महिन्यात वही आली. पातळ, कोपरे वळलेली, वर तेलाचा डाग. त्या दुपारी बाई खिडकी उघडत होत्या, आणि ती पटकन म्हणाली, "बाई, ट्राय टू लिफ्ट द लेफ्ट साइड स्लोली." खिडकी खरंच डावीकडून अडकायची. बाई वळल्या. माझं झाकण तर बंदच होतं.

"हे कुठे शिकलीस?"

"सहा नंबरच्या खोलीतले आजोबा म्हणतात. त्यांना कुशीवर वळवताना मला सांगत असतात, इकडून उचल, हळू उचल. मी सगळं लिहून ठेवते." तिनं वही पुढे केली.

"आणि पट्ट्या?"

"पट्ट्या छान आहेत, बाई."

नावडत्या भाजीला लोक असंच म्हणतात. छान आहे, आता पोट भरलंय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यानंतर रोज ती टेबलावर आधी वही ठेवायची, मग मला जवळ ओढायची. माझं झाकण उघडायच्या आत तिचं वाक्य बोलून झालेलं असायचं. त्या वहीवर शाई सांडावी, तिला कसर लागावी, ती खालच्या धुण्यात जावी, असं काय काय मी मनात आणलं ते सांगायला लाज वाटते.

बाईंचंही माझ्यासारखंच झालं होतं. तीस वर्षांच्या शिकवण्याला एका तेलकट वहीनं मागे टाकलं तर कुणाला आवडेल? परीक्षा सोमवारी होती. आधीच्या शुक्रवारी त्या म्हणाल्या, "वर्गात वही नको. पेटीत ठेव." तिनं मुकाट्यानं वही माझ्या निळ्या कप्प्यात ठेवली आणि घरी जाताना विसरली.

शनिवारी सकाळी ती धापा टाकत वर आली. "बाई, माझी वही इथं राहिली का? परवा परीक्षा आहे."

बाई फळा पुसत होत्या. त्यांचा हात थांबला. "इथं नाही. पेटीतही बघितलं मी. घरीच बघ नीट. आणि पट्ट्या येतात ना तुला, मग वही कशाला?"

ती खोकत खोकत जिना उतरली. मी मुकी आहे हे खरं. पण बोलता आलं असतं तरी मी बोलले नसते.

दोन दिवस वही माझ्या पोटात होती. चुका सापडतील म्हणून मी ती वाचून काढली. चुका होत्या, पण मला बरं वाटेना. शब्द माझ्याकडचेच होते, फक्त तिथं ते कुणीतरी कुणालातरी म्हटलेले होते. 'आय ओन्ली वॉन्ट टू सी द गार्डन.' खाली तिच्या अक्षरात लिहिलं होतं, आजोबा, मंगळवार, नेलं. आणि माझी 'द बिग ब्लॅक अम्ब्रेला' इतक्या वर्षांत एकदाही भिजली नव्हती. मी आणखीच जळले.

सोमवारी दुपारी ती आली आणि खुर्चीत बसून राहिली. मेट्रननं सोपंच विचारलं होतं. एखाद्यानं गोळी घ्यायला नकार दिला तर काय म्हणशील? रोजची गोष्ट. पण वही हरवल्यानं तिचा धीर खचला होता, आणि परीक्षा म्हटल्यावर तिला हा वर्ग आठवला. तिची बोटं मेट्रनच्या टेबलावर पिवळी पट्टी शोधत राहिली. मेट्रननं पाच मिनिटं वाट बघितली आणि पुरे म्हणाली.

"या आठवड्यात तिथलं काम संपेल," ती म्हणाली. "खाली बोलून आलेय. पुढच्या सोमवारपासून इस्त्रीवर."

बाईंनी माझं झाकण उघडलं, वही काढली आणि तिच्यापुढे ठेवली. "मी खोटं बोलले."

तिनं वहीवरून हात फिरवला. "का, बाई?"

"तू माझ्यावाचून शिकायला लागलीस. मला ते सहन झालं नाही. उद्या मी तुझ्याबरोबर येते. मेट्रनला सगळं सांगते."

दुसऱ्या दिवशी बाई मला बगलेत मारून वृद्धाश्रमात गेल्या. मेट्रनच्या टेबलावर मला ठेवलं. मेट्रन चष्मा कपाळावर चढवून कागद चाळत होती. तिनं मान वर करून काय काम आहे ते विचारलं, आणि बाईंच्या तोंडून शब्द फुटेना. तीस वर्षं त्यांनी पुस्तकातलं इंग्रजी आपल्याच माणसांना शिकवलं होतं. समोर बसून फक्त इंग्रजी बोलणारं माणूस त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भेटत होतं. त्यांची बोटं टेबलावर चालायला लागली. मग त्यांनी मला उघडलं.

मला वाटलं, आला माझा दिवस. त्यांनी पिवळी पट्टी उचलली, ठेवली, हिरवी उचलली, ती हातातून सुटून खाली पडली. मेट्रन घड्याळाकडे बघत होती.

आमच्याबरोबर आलेली ती दाराशी उभी होती. पुढे आली, जगमधलं पाणी ग्लासात ओतून बाईंच्या हातात दिलं आणि मेट्रनला म्हणाली, "शी ओन्ली केम टू टेल द ट्रुथ. प्लीज डोन्ट हरी हर. शी इज माय टीचर." मग तिनं पुढचंही सांगितलं, वहीचं, शनिवारचं, बाईंना झालेल्या पश्चात्तापाचं. अडखळली, चुकली, पण थांबली नाही. एक हात बाईंच्या खांद्यावर होता.

'ओन्ली' पिवळ्या कप्प्यात होता, 'टू टेल' हिरव्या, 'द ट्रुथ' निळ्या. सगळे माझ्याकडे होते, झाकण उघडं होतं, आणि तिनं माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

मेट्रननं चष्मा डोळ्यांवर घेतला आणि इंग्रजीतच विचारलं, मग हे सगळं काल कुठे होतं?

"इन द बॉक्स," ती म्हणाली.

मेट्रन हसली, आणि तिनं कालचा कागद फाडून नवा घेतला. त्यावर तिनं सही केली तेव्हा बाई माझ्या पट्ट्या गोळा करत जमिनीवर बसल्या होत्या.

ती कायम झाली. खोकला कमी झालाय म्हणे. वर्गात आता सगळ्यांकडे वह्या आहेत, आणि बाई दर गुरुवारी सहा नंबरच्या खोलीत जाऊन आजोबांशी बोलत बसतात. त्यांनी स्वतःलाही एक वही घेतलीय. मी फडताळात मागच्या बाजूला आहे, आणि त्या प्रत्येक वहीवर जळते.

तरीही एक मागणं आहे. तुमच्या ओळखीत कुणी इंग्रजी शिकत असेल, तर त्याला माझ्याकडे पाठवू नका. ज्याच्याशी त्याला खरंच काही बोलायचं आहे, अशा माणसाजवळ नेऊन बसवा. हे सांगताना माझा जीव तुटतो. पण त्या शनिवारी मी गप्प राहिले होते, म्हणून आज बोलले.