गणपतचा निकाल

बाबुराव गमऱ्यांनी उभ्या जन्मात दारूचा थेंब चाखला नव्हता. पंचशील आपण नुसतं तोंडाने घेतलेलं नाही, असं ते अख्ख्या भोईवाड्याला ऐकवत. आणि नशीब असं खट्याळ, की एकुलता एक लेक सम्यक वाइन करायला बसला! दिंडोरीजवळ त्याच्या सासऱ्यांची चार एकरांची द्राक्षबाग होती, तिथेच तो रमला. इकडे बायको मालन गेल्यापासून चाळीतल्या खोलीत बाबुराव एकटेच.

एरवी बाप-लेकाचा फोन म्हणजे "जेवलात? गोळ्या घेतल्या? ठेवतो." अपवाद मे महिन्याचा. तेव्हा दादरला भाजी आणणाऱ्या टेम्पोवाल्याच्या हातून एक बाटली यायची. ती प्यायचा शेजारचा गणपत धुरी. घोट घेऊन डोळे मिटायचा आणि निकाल द्यायचा, "औंदा तुरट लागता हा, बाबू." बाबुराव तो निकाल सम्यकला जसाच्या तसा कळवायचे, की मग पोरगा जो सुटायचा! खालच्या काळ्या जमिनीत वेल नुसता माजतो आणि द्राक्ष पाणचट होतं. वरच्या मुरमाड उतारावर त्याला पाण्यासाठी झगडावं लागतं, म्हणून तिथली चव घट्ट. रात्री गार असल्या तर आंबटपणा टिकतो, ऊन लवकर तापलं तर सगळी साखरच. बाबुरावांना त्यातलं निम्मं कळायचं नाही. पण पाऊण तास लेकाचा आवाज कानात असायचा, आणि त्या पाऊण तासासाठी ते वर्षभर थांबायचे.

दिवाळीनंतर गणपत गेला. बाबुरावांनी ते सम्यकला सांगितलंच नाही.

यंदाची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून आली. त्यांनी ती न सोडवता तशीच फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी फोन वाजला.

"पप्पा, यंदा काय निकाल?"

बाबुरावांनी घसा खाकरला. "तुरट म्हणाला गणपत. गेल्या वर्षीपेक्षा कडकच. वरच्या मुरमातली ना रे?"

पोरगा नेहमीसारखा सुटला नाही.

"पप्पा, त्यात वाइन नाहीये. नुसता रस आहे, गरम करून भरलेला. तुमच्यासाठी केला. दर वर्षी दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो, म्हटलं एकदा तुम्हीच प्या. बाटलीला चिठ्ठी पण लावलीय."

बाबुरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "गणपत गेला रे. सहा महिने झाले."

"आणि मला सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर तू बाटली कोणासाठी पाठवली असतीस? आणि बाटलीच नाही म्हटल्यावर माझ्याशी एवढं बोलला असतास कशाला?"

बोलून गेले आणि त्यांनाच लाज वाटली. म्हाताऱ्याने असं रडगाणं गाऊ नये, असं त्यांचं मत होतं.

"बाटली उघडा," सम्यक म्हणाला. "मी आहे फोनवर."

त्यांनी कागद सोडवला, पेल्यात रस ओतला, घोट घेतला. गोड होता, आणि मागून किंचित आंबट.

"कसा लागला?"

शब्द अगदी ओठांवर आले होते. पण सांगून टाकलं की फोन संपणार, या धास्तीने त्यांनी ते परत गिळले.

"थांब जरा," ते म्हणाले, "अजून एक घोट घेऊन सांगतो."