माझ्यात नसलेला शब्द

मी शब्दकोश बोलतोय. मराठीचं इंग्रजी करून देणारा, आठशे पानांचा. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी मला जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आपल्या लेकीसाठी आणलं आणि उरलेल्या अस्तराचं कव्हर शिवलं. "घे, आता जगाशी बोल," त्या लेकीला म्हणाल्या.

परीक्षा आली की लेक मला उशाशी घेई. निकाल लागला की माझ्यावर चहाचा कप! माणसांची ही तऱ्हा मला पाठ आहे, राग नाही.

मग परदेशी शिष्यवृत्तीचा अर्ज आला. घरातल्या कुणाच्या तरी कामावर एक पान इंग्रजीत लिहायचं, त्यावरच निवड. लेकीला लिहायचं होतं, 'मशीनवर आईचा हात बसलाय.' तिने माझ्यात आधी 'हात' शोधला, मग 'बसणे', आणि दोन्ही जोडून दिले. अर्ज तपासून देणारे सर पोट धरून हसले. "अगं, तुझ्या आईचा हात खुर्चीत बसल्यासारखा बसलाय इथे! सरळ 'स्किल्ड' लिही."

"एवढा जाडजूड, आणि एवढं साधं येत नाही तुला?" घरी येऊन ती माझ्यावरच डाफरली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आई म्हणाली, "लिही की सर म्हणतात तसं. त्यांना तेच कळेल."

"पण तुला कुणी शिकवलं होतं का?"

"कोण शिकवणार? कापडं बिघडवून बिघडवून हातालाच कळलं."

लेकीने आईचं हे वाक्य इंग्रजीत उतरवलं आणि 'हात बसणे' आपल्याच लिपीत तसंच ठेवलं. सरांनी नापसंतीने मान हलवली, पण निवड झाली. निवडीच्या पत्रात कुणीतरी विचारलं होतं, हे शब्द म्हणायचे कसे?

निघताना बॅग जड झाली आणि पहिला बाहेर आलो मी. "फोनमध्ये सगळं आहे गं, आई." रुसलो, खोटं कशाला बोलू?

हल्ली दुपारी मशीन थांबवून बाई माझ्या समासात पेन्सिलीने आपले शब्द लिहितात. 'उसवणे', 'घडी मोडणे'. फोनवर लेकीला त्यांचा इंग्रजी शब्द विचारतात आणि ती सांगेल तो पुढे लिहितात. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याचे समास कोरे ठेवू नका. आम्हाला सगळं येत नाही हो.

परवा बाईंनी लिहिलं, 'करमत नाही'. फोनवर लेकीने दोन-तीन इंग्रजी शब्द सांगून पाहिले आणि स्वतःच मागे घेतले.

"याला इकडे शब्द नाही, आई," ती म्हणाली. "पण मलाही तेच होतंय."