मिसेस प्रिचर्ड यांचा निळा दरवाजा

"काका, हात नका लावू. अलार्म वाजतो," उदय खुर्चीतून न उठता म्हणाला.

मुरलीधरपंतांनी बोट मागं घेतलं. "सोनं खरं लावलंय का, पाहत होतो जी."

"रंग आहे नुसता."

इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या त्या लहानशा गॅलरीत गोल्ड रशच्या, म्हणजे सोन्याच्या शोधात लोकांची झुंबड उडाली त्या काळातल्या चित्रांचं प्रदर्शन लागलं होतं. साल २००२. गावातल्या बऱ्याच सॉफ्टवेअर कंपन्यांनी गाशा गुंडाळला होता आणि उरलेल्यांपैकी एकीनं या प्रदर्शनाचा खर्च उचलला होता. यात काही विनोद आहे असं कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नव्हतं. उदय तिथं चित्रं राखायला बसत असे. मुंबईत कमर्शियल आर्ट शिकलेला माणूस बायकोच्या व्हिसावर इंग्लंडला आला, की चित्रांच्या जवळ राहण्याचे फार मार्ग उरत नाहीत. हा एक होता, आणि बसून करता येत होता.

मुरलीधरपंत नागपूरचे, वीज मंडळातून निवृत्त झालेले. मुलगा अतुल इथं सॉफ्टवेअरमध्ये होता. गेल्या महिन्यात कामावरच कोसळला आणि गेला. त्याच्या अस्थी न्यायला ते आले होते, उदयच्या घरी उतरले होते, आणि घरी एकट्यानं बसवत नाही म्हणून आज त्याच्याबरोबर गॅलरीत आले होते. सकाळीच अंत्यविधीवाल्या कंपनीनं त्यांच्या हातात अस्थींची, झाकण असलेली हिरवी प्लॅस्टिकची बरणी पिशवीत घालून ठेवली होती. पाहुण्यांच्या पिशव्या क्लोकरूममध्ये ठेवाव्यात, असा गॅलरीचा नियम होता. उदयनं ती पिशवी आपल्याच खुर्चीखाली ठेवली.

"सगळे कसे लालबुंद, धष्टपुष्ट आहेत," पंत मोठ्या तैलचित्राकडे बघत म्हणाले. चित्रात खाणकामगार शेकोटीभोवती गात होते. "हे काहून मजूर वाटत नाहीत?"

"चित्र बँकवाल्यानं घेतलं होतं, काका. खोकणारी माणसं त्याला भिंतीवर नको असतील."

समोरच्या भिंतीवर पेन्सिलीची लहान चित्रं होती. कमरेइतक्या पाण्यात वाकलेला माणूस. फाटका तंबू. टेकडीवर ओळीनं क्रूस.

"अन् हा चित्रकार?"

"हा स्वतःच सोनं शोधायला गेला होता. सापडलं नाही, म्हणून चित्रं काढायला लागला. पण ही कुणी घेतली नाहीत. पोट भरायला लोकांची चित्रं काढायचा. प्रत्येकाला घरी पाठवायला एक हवं असायचं ना."

शेवटी एक जुना फोटो होता. विशीतला पोरगा, इस्त्रीचा शर्ट, कमरेला पिस्तूल, तळहातावर सोन्याचं ढेकूळ. खालची इंग्रजी ओळ पंतांनी शब्द जुळवत वाचली. पिस्तूल, ढेकूळ आणि शर्टसुद्धा स्टुडिओवाल्याचा होता.

"म्हणजे फोटो काढायचा अन् ढेकूळ परत करायचं?"

"हो."

"अन् घरचे लोक?"

"घरचे खूश."

दोन दिवसांत पंत पहिल्यांदा हसले. "गाढवच म्हणायचे बाप्पा, घरचे." मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून फोटो काढला. "हे आमच्या अतुलचं घर. हिनं सांगून धाडलंय, त्याच्या उंबऱ्यावर दिवा लावल्याशिवाय त्याला आणू नका. पणती घेऊन आलोय. आज दाखवता ना?"

फोटोत निळा दरवाजा होता, चंदेरी गाडी होती आणि गाडीला टेकून अतुल होता. उदयनं तो ओळखला. त्यानंच काढला होता. नवीन आलेली मुलं रविवारी त्याला गाठत आणि तो त्यांना या दरवाजासमोर उभं करी. घराचा नंबर चौकटीत येऊ द्यायचा नाही, गाडीची पाटी पायानं झाकायची, एवढे त्याच्या कलेचे दोन नियम होते. अतुल राहत होता केबॅबच्या दुकानावरच्या एका खोलीत.

उदयनं ठरवलं, घर रस्त्यापलीकडून दाखवायचं, आता दुसरे भाडेकरू आलेत म्हणायचं, तिथल्या तिथं दिवा लावायचा आणि परत फिरायचं. सुटी झाल्यावर तो पंतांना आणि ती पिशवी घेऊन त्या गल्लीत गेला. पण पंत फोटो हातात धरून सरळ रस्ता ओलांडून दारापर्यंत गेले आणि त्यांनी घंटी दाबली.

दार उघडलं. मिसेस प्रिचर्ड, वय झालेल्या, पायात लोकरी सपाता. उदयला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"तू होय, लव्ह! थांब, बिन बाजूला घेते," त्या इंग्रजीत म्हणाल्या आणि कचऱ्याचा डबा सवयीनं भिंतीआड ओढू लागल्या. "गाडी राहू दे ना? माझा हॅरल्ड गेल्यापासून चालत नाही, पण फोटोला बरी दिसते." मग त्यांना पंतांच्या हातातला फोटो दिसला. "अरे, हा! किती लाजाळू मुलगा. नंतर माझ्यासाठी चॉकलेटं घेऊन आला होता. त्याच्या आईला आवडला का फोटो?"

उदयनं जमिनीकडे बघितलं.

पंतांनी घराकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. एवढं इंग्रजी त्यांना समजत होतं.

"व्हेरी मच," ते म्हणाले. "थँक्यू, मॅडम."

मग मराठीत, उदयकडे न बघता, "कुठं राहत होता तो?"

"एका दुकानाच्या वर. आता तिथं दुसरा मुलगा आलाय."

"नोकरी?"

"वर्षापूर्वीच गेली होती, काका. भाजीच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये खोकी उचलायचा. तिथंच..."

पंतांनी फोटो परत कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. उदय वाट बघत राहिला. त्यांनी एक थोबाडीत दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"त्या खोलीवर मी उद्या जाईन. एकटा," पंत शेवटी म्हणाले. "आज इथंच दिवा लावतो. कॅमेरा हाय?"

"आहे."

"मग काढा. घरी हिला दाखवायला लागंल."

मिसेस प्रिचर्डना उदयनं हलक्या आवाजात सगळं सांगितलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला, पण नाही म्हणाल्या नाहीत. पंतांनी बुटाचे बंद सोडले, अनवाणी पायरीवर बसले आणि औषधाच्या बाटलीतून पणतीत तेल ओतलं.

"दक्षिण कुठली, उदयराव? त्याची वात दक्षिणेला पाहिजे."

दार उत्तरेकडं होतं. दक्षिण घराच्या आत होती.

उदयनं ते मिसेस प्रिचर्डना समजावलं. त्यांनी एकदा पणतीकडे बघितलं आणि दार सताड उघडलं. आतला पॅसेज, टांगलेले कोट, हॅरल्डची छत्री, सगळं त्या वातीपुढं आलं. वाऱ्यानं ज्योत विझू नये म्हणून त्या पायरीखाली रस्त्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या. पंतांनी वात पेटवली आणि हात जोडले.

उदयनं फोटो काढला. या वेळी घराचा नंबर चौकटीत आला, तो तसाच राहू दिला.

तेल बरंच होतं. नोव्हेंबर होता, हीटिंग चालू होतं आणि घरातली सगळी ऊब रस्त्यावर जात होती. पणती शांत होईपर्यंत मिसेस प्रिचर्डनी दार लावलं नाही.