गोल रचलेली लाकडं

आमच्या उत्तरेकडच्या थंड गावात माणसाची पारख त्याने हिवाळ्यासाठी रचलेल्या लाकडांवरून होते. पगार, पक्ष, देव यांबद्दल कोणी विचारत नाही. ते असभ्य समजलं जातं. पण अंगणातली रास वाकडी असेल, तर ती सगळ्यांना दिसते आणि वर्षानुवर्षं लक्षात राहते.

माझ्या नवऱ्याची, टोर्गाइरची, रास यंदा वाकडी नव्हती. वसंतात त्याने बर्च झाडाची लाकडं फोडली आणि उन्हाळाभर घुमटासारखी गोल रचली. शेजारचा ओड्वार कुंपणापाशी थांबला, बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "वाईट नाही." एवढी स्तुती आमच्याकडे माणूस गेल्यावरच होते.

ऑक्टोबरात धुराडं साफ झालं, शेगडीच्या लोखंडी दाराच्या कडेची, धूर अडवणारी झिजलेली दोरी बदलली, लाकडातला ओलावा मोजून झाला. तयारी आदर्श होती. फक्त लाकूड जाळायचं राहिलं होतं.

"एक जरी काढलं तरी आकार बिघडेल," टोर्गाइर म्हणाला.

"बिघडू दे की. सरपण आहे ते."

"तू विज्ञान शिकवतेस. तुला नाही कळायचं."

मग तो पेट्रोल पंपावर विकत मिळणारी लाकडाची पोती आणू लागला, ओड्वारला दिसू नयेत म्हणून चादरीखाली झाकून. ती लाकडं इतकी ओली, की शेगडीची सगळी उष्णता त्यांना वाळवण्यातच जाई. घर सोळा अंशांवर स्थिरावलं. मी दोन स्वेटर घालून मुलांच्या उत्तरपत्रिका तपासत होते. प्रश्न ज्वलनावर होते.

अशात आमच्या मुलीचा, इंगुनचा, फोन आला. "शनिवारी एस्किलला घेऊन येते. आठवडाभर राहीन, पण घर गरम असेल तरच. नाहीतर सरळ हामारला सासूबाईंकडे जाईन. तिथे फरशीसुद्धा गरम असते."

एस्किलला, आमच्या तान्ह्या नातवाला, टोर्गाइरने अजून फोटोतच पाहिलं होतं.

"गरम फरशी," तो तुच्छतेने म्हणाला आणि आणखी एक पोतं घेऊन आला.

शनिवारी इंगुन आली आणि कोट न काढताच बसली.

"बाबा, बाहेर लाकडांचा डोंगर आणि आत ही थंडी?"

"वाळताहेत ती अजून."

"आई, खरंच?"

"ऑक्टोबरातच वाळलेली होती," मी म्हणाले. मोजून पाहिलेल्या गोष्टीबद्दल मला खोटं बोलता येत नाही.

इंगुनने गाडीची किल्ली उचलली. टोर्गाइरने तेवढ्यात बाळाचा हात हातात घेतला होता. हात गार होता. तो उठला आणि टोपली घेऊन बाहेर गेला.

आम्ही खिडकीतून पाहत राहिलो. त्याने माथ्यावरून डावीकडचं एक लाकूड काढलं, चार पावलं मागे जाऊन राशीकडे पाहिलं. मग तोल साधावा म्हणून उजवीकडचं एक काढलं. मग पुढचं. अर्थातच मागचंही.

दुपारपर्यंत रास पहिल्यासारखीच गोल होती, नुसती बुटकी. घरात सव्वीस अंश. इंगुन कोट काढून, स्वेटर काढून, टी-शर्टवर आली.

"बाबा, पुरे आता. राहते मी आठवडाभर."

"थांब, दक्षिणेकडचं एक राहिलंय."

मग तिने एस्किलला लोकरीत गुंडाळलं, बाबागाडीत ठेवलं आणि आमच्याकडे भर हिवाळ्यातही कोणतीही शहाणी आई करते तेच केलं: दुपारच्या झोपेसाठी त्याला बाहेर अंगणात नेऊन ठेवलं. उणे चार अंशांत तो लगेच गाढ झोपला.

आम्ही तिघं आत घाम पुसत, तो उठायची वाट पाहत बसलो.