पिसाच्या शेपटीचे सात

"हात धुतल्याबिगर त्या मशीनले शिवू नको, आई! अन् माह्याजवळ तं येऊच नको!" करिष्मा ओसरीवरून ओरडली.

तिचे डोळे आले होते. काळा चष्मा लावून ती भिंतीला टेकून बसली होती आणि आत खोलीत तिचा मायक्रोस्कोप नुसता पडून होता. समुद्राच्या पाण्यात तरंगणारे, नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढे दिसणारे जीव, हा तिच्या संशोधनाचा विषय. कोणता जीव किनाऱ्याने कुठपर्यंत सापडतो आणि पाणी तापायला लागल्यावर तो कुठे सरकतो, हे तिला शोधायचे होते. गोव्याच्या वसतिगृहाची दुरुस्ती निघाली म्हणून मार्गदर्शक सरांच्या परवानगीने ती किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे ओळीने घेतलेल्या नमुन्यांच्या बारा बाटल्या घेऊन धाड गावाजवळच्या आपल्या खेड्यात आली, आणि त्याच आठवड्यात गावात साथ आली. मोजणी आठ दिवसांत पाठवायची होती. समुद्र कुठल्या कुठे राहिला, पण साथीला मात्र हिचेच घर बरोबर सापडले.

"मले दे. म्या मोजीन," कोकिळाबाई म्हणाली.

करिष्मा हसणारच होती, पण थांबली. आईने वीस वर्षे बियाण्याच्या प्लॉटवर कपाशीची कळी सोलली होती. कळीतले केसर नखाने असे काढायचे की आतल्या दांडीला ओरखडा येता कामा नये. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचे फूल त्यावर फिरवून खुणेचा दोरा बांधायचा. या कामात कोकिळाबाईचा हात धरणारी बाई पंचक्रोशीत नव्हती.

तिने नळीला डोळा लावला आणि एकदम मागे सरकली.

"व माय! मिशा पाह्य किती लांबच्या! अन् हे कोन? दोन गाठोडे घेऊन निंगाली!"

"अंड्यांच्या पिशव्या हायत त्या."

"मंग गरवार हाय म्हन ना, बाई!"

झाले. बाईला छंदच लागला. दहा जीव मोजून झाले की वाटीत तुरीचा एक दाणा टाकायचा, वाटी भरली की ओसरीवर हाळी द्यायची आणि करिष्माने तो आकडा वहीत उतरवायचा. करिष्माचा बाप पुंजाजी शेतातून जेवायला आला की रोज कपाळाला हात लावायचा.

"तुरी टाकून समुद्र मोजून राह्यली," तो म्हणायचा, "अन् ताटात वरण नाई!"

सहाव्या दिवशी करिष्माचे डोळे निवळले. बाराही बाटल्या मोजून झाल्या होत्या. खात्री करायला म्हणून तिने पहिली बाटली पाहिली, मग दुसरी, मग पाचवी. तिचा चेहराच उतरला.

"आई, पिसाच्या शेपटीचे कुठी गेले?"

"कोनते?"

"शेपटीले पिसं असतात ते. दक्षिणेच्या बाटल्यांत हमेशा असतात. एकबी नाई!"

"ते होय? ते म्या काढले ना. भेसळ होती."

करिष्माच्या लक्षात आले. प्लॉटवर जातीत न बसणारे झाड दिसले की ते उपटायचे असते. आईने समुद्राचीही तशीच निंदणी केली होती!

"अवं, तेच तं पाहाचं होतं मले! ते कुठपर्यंत सरकले, तेच! आता काय पाठवू मी?" तिला रडू फुटले.

कोकिळाबाई ताडकन उठली. तिला रागच आला होता.

"काढले म्हंजे फेकले काय? उपटलेलं झाड वावराच्या धुऱ्यावर, बांधावर ठेवा लागते. कंपनीच्या साहेबानं मोजल्याबिगर त्याले हात नाई लावा लागत. येवढं कळते मले!"

तिने फळीवरचा डबा काढला. आत गुरांच्या इंजेक्शनच्या धुतलेल्या बारा कुप्या होत्या. ज्या बाटलीतले जीव, त्याच बाटलीतले, जीव टिकवणारे औषधी पाणी कुपीत. प्रत्येक कुपीच्या गळ्याला दोरा, आणि बाटलीचा जितकावा नंबर तितक्या गाठी.

करिष्माने डोळे पुसले आणि एकेक कुपी काचेवर ओतली. पहिल्या कुप्यांत पिसाच्या शेपट्यांची नुसती गर्दी होती. पुढे ती विरळ होत गेली. शेवटी उरली बारा गाठींची कुपी, सगळ्यात उत्तरेची. चार वर्षांत तिथे असला एकही जीव सापडला नव्हता.

तिने तीनदा मोजले. सात होते.

"सात! आई, सात!" तिने आईला कडकडून मिठी मारली आणि खोलीभर गरगर फिरवले.

"अवं सोड! डोळे येतीन ना मले!"

पुंजाजी धावत आला. "कोन पास झालं?"

"सात जन, बाबा! पार वरपर्यंत चढले!"

त्याला काही कळले नाही, पण लेक हसते आहे म्हणून तोही हसला. करिष्माने कुप्यांतले जीव मोजून नवा तक्ता केला आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिले, 'मोजणी आणि निवडणी : कोकिळा पुंजाजी.' ते वाचून दाखवल्यावर कोकिळाबाईला आभाळ ठेंगणे झाले. थोडा वेळ ती त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली.

"मले बी अशी एकच दिसली होती," ती म्हणाली.

"काय?"

"गुलाबी अळी. बीटी कपाशीले अळी लागत नाई म्हनत होते ना, तवाची गोठ. म्या बोंड नेऊन साहेबाले दाखोलं. साहेब म्हने, एकच तं हाय, भेसळ असंन, फेकून दे. म्या फेकलं."

पुंजाजीचे हसू मावळले. त्यानंतर तिसऱ्या वर्षी सगळ्या शिवारातली बोंडे किडली होती आणि त्याने उभ्या कपाशीत नांगर घातला होता.

"ते बी लिही," कोकिळाबाई म्हणाली.

"हे समुद्राची वही हाय, आई."

"मंग मांगच्या पानावर लिही. पोळा झाल्यावर चवथ्या दिवशी, बांधाकडची तिसरी ओळ."

करिष्माने वही उलटी केली, शेवटचे पान काढले आणि आई सांगेल तसे लिहून घेतले. कोकिळाबाईने ते दोनदा वाचायला लावले.

"अन् किती, ते लिहिलं ना?"

"लिहिलं, आई. एक."