विदोयेनं मांस का सोडलं

विदोयेनं मांस सोडलं, तेव्हाच गावाला खरं कारण सांगून मोकळं व्हायला हवं होतं. पण मॉन्टेनेग्रोच्या या डोंगरांतला पुरुष एक वेळ मान कापून देईल, लघवीला त्रास होतो असं चारचौघांत कबूल करणार नाही. शहरातला डॉक्टर म्हणाला होता, "प्रोस्टेट वाढलीय, आजोबा. गोळ्या घ्याच, पण मटण कमी करा. कोबी, टोमॅटो, पालेभाज्या भरपूर खा." घरी येताच त्यानं बायकोला, स्तामेनाला, मेलेल्या आईची शपथ घातली. "कुणाला बोललीस तर याद राख."

स्तामेना रोज लसूण घालून कोबी शिजवू लागली. "शेळी केलीस माझी," असं म्हणत तो ताट चाटूनपुसून संपवायचा. तरी दिवसातून कितीदा तरी तो शेजारच्या मियातच्या दगडी कुंपणापाशी जाऊन उभा राही. आडोसा तेवढाच होता. धार सुटायला वेळ लागे, आणि तोवर तो दात आवळून समोर मियातच्या घराकडे बघत राही. दुसरं बघायला होतं काय?

याच मियातच्या बंदुकीनं फार वर्षांपूर्वी एका लग्नात विदोयेचा भाऊ मेला होता. हवेत काढायचा बार छातीत गेला. पंचांनी समेट घडवला, विदोये मियातच्या तान्ह्या मुलाचा, बाल्शाचा, धर्मपिता झाला आणि वैर मिटलं. पण सुडाची शपथ घेतलेला माणूस मांस सोडतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

बाल्शाच्या मुलाच्या बारशाला विदोयेसमोर कोकराची तंगडी आली. त्यानं ती बाजूला सारून कोबी ओढून घेतला. जेवणाऱ्यांचे हात थांबले.

"उपास आहे का?" मियातनं विचारलं.

"नाही."

"तब्येत बरी नाही?"

"बैलासारखा आहे मी. खात नाही, एवढंच."

आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला म्हाताऱ्यानं.

त्याच आठवड्यात तो परसात कोबी कापत असताना बाल्शा कुंपण ओलांडून आला. हातात कुदळीचा दांडा होता.

"काका, आमच्या घराकडे टक लावून कशाला उभा असतोस?"

"जागा माझी आहे. उभा राहीन."

"मांस का सोडलंस? कुणाला मारायचंय? मला, की माझ्या पोराला?"

एक वाक्य पुरे होतं. ते विदोयेच्या जिभेवर आलंही. पण रस्त्यावर दोघंतिघं थांबून बघत होते. "तुझ्या बापाला विचार," तो म्हणाला.

दांडा खांद्यावर बसला आणि हाड कडकन मोडलं. दुसरा घाव कानशिलावर. विदोये कोबीवर कोसळला, तोंडात रक्त आणि माती. बाल्शानं बरगडीत लाथ घातली, पुन्हा घातली. तो रडत होता आणि मारत होता. दांडा परत वर गेला, तेव्हा विदोयेनं हातातली सुरी खालून त्याच्या पोटात खुपसली आणि वर ओढली. बाल्शा पोट धरून गुडघ्यांवर बसला. "काका," एवढंच म्हणाला आणि आडवा झाला.

मियात आला तोवर बाल्शाचा जीव गेला होता. मागोमाग मियातचा धाकटा मुलगा बंदूक घेऊन आला. स्तामेनानं शपथ मोडली.

"मियातभाऊ, यांना लघवीचा आजार आहे हो. डॉक्टरनं भाज्या खायला सांगितल्यात. कुंपणापाशी ते त्यासाठीच उभे राहायचे."

मियातनं मुलाची बंदूक खाली दाबून धरली.

"विदोये, ही खरं बोलते का? फक्त हो म्हण. तुला पोलीस नेतील, पण तुझ्या नोवाकच्या केसाला आम्ही धक्का लावणार नाही."

नोवाक विदोयेचा एकुलता एक मुलगा. बंदरावर क्रेन चालवायचा.

कुंपणाला अख्खं गाव लोटलं होतं. विदोयेची विजार ओली झाली होती. त्यानं न मोडलेला हात कसाबसा त्या ओल्या डागावर ठेवला.

"बायकांचं काय ऐकतोस," तो म्हणाला. "भावासाठी मारलं."

मियातनं बंदुकीवरचा हात काढून घेतला. धाकटा वळला, गाडीत बसला आणि बंदराच्या रस्त्याला लागला.

स्तामेना फोनकडे धावली. क्रेनवर असताना नोवाक फोन उचलत नसे.