बोळे संपले तेव्हा

मी एक जुनी एअर रायफल आहे, मित्रांनो. पण गोष्ट मी नवी असतानाची आहे. तेव्हा माझ्या दस्त्यावरचे ओरखडे घटकाभर विसरा.

तर, मी कोरी करकरीत.

समोर दहा मीटरवर कागद. त्यावर पाच भोके, भांडलेल्या भावंडांसारखी पाच दिशांना.

"बंदूकच खोटी आहे," आत्या म्हणाली.

आत्या म्हणजे माझ्या मालकिणीची, ठमीची आत्या आणि प्रशिक्षकही. रविवारी नेमबाजीच्या संघाची निवड होती. त्याआधी माझ्या नळीला मानवणारा छर्रा सापडला नाही, तर मी कारखान्यात परत जाणार आणि ठमी तिच्या जुन्या, चाप अडकणाऱ्या रायफलीवर.

छर्रे दिसायला सारखेच. शिशाचे, कमरेत बारीक. पण एकाचे डोके केसभर रुंद, दुसऱ्याचे केसभर अरुंद. अरुंद नळीत डुगडुगतो, रुंद घासटत जातो. म्हणून मला टेबलावर शिकंज्यात आवळून एकेक डबी तपासणे चालले होते.

आता आत्या अशी टापटिपीची, की धुतलेला पेला पुन्हा धुऊन पाणी पिणार. डबी बदलली, की कापसाचे बोळे घालून माझी नळी आरशासारखी लख्ख.

मग पाच छर्रे.

मग विखुरलेली भोके.

मग पुन्हा बोळे.

मला ओरडून सांगायचे होते. पण नळीला तोंड असून बोलता येत नाही.

सहाव्या डबीनंतर बोळे संपले. "आणते," आत्या म्हणाली. "तोवर तिला हात लावायचा नाही."

ती गेली. ठमीने हात लावला.

सातवी डबी, न पुसलेली नळी. पहिला छर्रा डावीकडे. दुसरा जरा कमी डावीकडे. शिशाचा पातळ थर माझ्या आतून फिरत होता, मी रुळत होते. मग

भोक.

त्याच भोकात.

त्याच भोकात!

ठमीने मागच्या डब्याही अशाच, आधी नळी रुळू देऊन, झाडून पाहिल्या. सगळ्या सुधारल्या, पण सातवीची सर कुणालाच नाही. मग कोऱ्या कागदावर पुन्हा सातवीचे पाच.

"लावलास ना हात?" आत्याने दारातूनच ओळखले.

"लावला. हा कागद बघ."

"एकच लागला की. बाकीचे कुठे गेले?"

"सगळे त्याच भोकात आहेत, आत्या! अगं, तू तिला न्हाऊ घालतेस आणि ओल्या केसांनीच शर्यतीत पळवतेस. जरा वाळू दे की बिचारीला!"

आत्याने कागद उजेडात धरला. भोकात करंगळीचे टोकही जाईना. मग बोळ्यांचे नवे पुडके तिने न फोडताच कपाटात टाकले. "रविवारपर्यंत हिला कुणी पुसायचं नाही. मीसुद्धा."

रविवारी ठमीच्या खांद्याशी मी होते. छर्रा सुटे, त्याच भोकातून जाई, कागद हलतसुद्धा नसे. शेवटी पंचांनी भिंग लावले, मान वर केली आणि यादीत सर्वांत वर ठमीचे नाव पुकारले. तोच मागच्या बाकावरून एक खणखणीत शिट्टी आली. आत्याने मारली होती. तोंडात दोन बोटे घालून. न धुतलेली!

मित्रांनो, कुणाला खोटे ठरवण्याआधी त्याच्या मापाचे काहीतरी देऊन पाहा आणि पहिले चार नेम चुकू द्या. मलाही पुसा, जरूर पुसा.

पण जिंकून आल्यावर.